समाजकल्याण ‘मायनर’ म्हणून शिकवा, पण क्षेत्रकार्यासह : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. समाजकार्याचं शिक्षण घेणारी मुलं क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष माणसांत जाऊन काम शिकण्यासाठी, दरवर्षी आमच्या विभागात येतात. हे पत्र मात्र आमच्याकडे कधीच न येणाऱ्या मुलांसाठी आहे. बी.कॉम., बी.एस्सी., संगणकशास्त्र शिकणाऱ्या.

20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने पदवीला मेजरसोबत, म्हणजे मुख्य विषयासोबत, मायनर म्हणजे दुय्यम विषय आला. 2024-25 पासून तो संलग्न महाविद्यालयांतही लागू झाला. मायनर दुसऱ्या विद्याशाखेतलाही घेता येतो, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात प्रवेशाच्या खिडकीवर मुलांना काय मिळतं? ज्या विषयाच्या प्राध्यापकाचा कार्यभार भरायचा बाकी असेल, तो विषय. वाणिज्यच्या मुलीला वाणिज्यचाच दुसरा विषय मिळतो आणि तिची निवड तिथेच संपते.

आमच्याकडे येणारी एक नेहमीची अडचण सांगते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ‘बंद झाले’ म्हणून एखादी आजी रडवेली होऊन येते. तहसीलमध्ये चौकशी केली तर पैसे निघालेले असतात. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथे जाते. मधल्या काळात कुणीतरी आजीचं दुसरं खातं उघडून दिलेलं असतं, आधार तिकडे जोडलं गेलेलं असतं आणि त्या खात्याचं पासबुक घरात कुणाच्या हाती आहे हे आजीला माहीत नसतं. यातली बँकेची बाजू वाणिज्यच्या विद्यार्थ्याला चटकन कळेल. पासबुक कुणाकडे आहे, आजीला ते विचारायची भीती का वाटते आणि तिच्यावर घर सोडायची वेळ न येऊ देता तिला हक्क कसा मिळवून द्यायचा, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तेच समाजकल्याणाचं शिक्षण.

दुसरं उदाहरण धर्मादाय रुग्णालयांचं. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. हे नातेवाइकांना वेळेवर सांगितलं गेलं तर एक घर कर्जातून वाचतं. ते सांगण्याची पहिली संधी बिलिंग काउंटरवरच्या तरुणाला असते. तो समाजकार्याचा पदवीधर नसतो, होणारही नाही. त्याने तीन वर्षांत हा विषय निदान मायनर म्हणून शिकलेला असावा, एवढंच माझं म्हणणं.

अडथळा कुठे आहे तेही सांगते. आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण जुनं आहे. 1936 साली मुंबईत सुरू झालेली सर दोराबजी टाटा संस्था देशातली या विषयाची पहिली. पण समाजकार्य महाविद्यालयं वेगळी राहिली. अनेक वर्षं त्यांचं अनुदानही आपल्या खात्याऐवजी समाजकल्याण खात्याकडून येत राहिलं. त्यामुळे एकाच गावात पदवी महाविद्यालय आणि समाजकार्य महाविद्यालय असूनही एकाची मुलं दुसऱ्याच्या वर्गात बसत नाहीत. दोघांत श्रेयांकांची (क्रेडिट्सची) देवाणघेवाण घडवणं आपल्या हातात आहे.

मायनर सुरू झालाच, तर माझी खरी भीती पुढची आहे. तो नोट्स आणि गाइडवर उरकला जाईल. कायद्यांची यादी, योजनांची यादी, शेवटी लेखी परीक्षा. कृपा करून असं होऊ देऊ नका. क्षेत्रकार्याशिवाय हा विषय शिकवताच येत नाही. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरतात. मायनरच्या एकूण श्रेयांकांतले सहा क्षेत्रकार्याला दिले तर 180 तास होतात. तेवढ्यात एक विद्यार्थी एखाद्या वस्तीत, बालगृहात किंवा रुग्णालयात माणसांशी बोलायला शिकतो, घरभेटीची नोंद लिहायला शिकतो आणि ती नोंद पर्यवेक्षकासमोर ठेवून ‘इथे मी ऐकलं नाही, सल्ला दिला’ हे स्वतः ओळखायला शिकतो. ही पर्यवेक्षकासोबतची बैठक काढून टाकली की उरते फक्त हजेरी.

राष्ट्रीय सेवा योजना आहेच, असं उत्तर मिळेल. मला त्या योजनेबद्दल आदर आहे. वर्षाचे 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर यांनी कितीतरी मुलं पहिल्यांदा खेड्यात गेली. पण श्रमदान करणं वेगळं आणि एका विधवेला निराधार योजनेसाठी 21 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला का मिळत नाही, हे शोधत तलाठ्यापासून तहसीलपर्यंत जाणं वेगळं.

माझ्या व्यवसायातल्या अनेकांना वाटतं की मायनरमुळे आमच्या पदव्यांची किंमत कमी होईल. त्यांची चिंता मला रास्त वाटते. आधीच नोकऱ्या कमी, भरलेल्या जागा बऱ्याचदा कंत्राटी. म्हणून शासन निर्णयात स्पष्ट लिहा की समाजकार्याची पदवी लागणाऱ्या कोणत्याही पदाला मायनर पुरेसा धरला जाणार नाही. आणि क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षक म्हणून समाजकार्याचे पदव्युत्तर पदवीधर मानधनावर नेमा, मानधन वेळेवर द्या. रिकाम्या तासाच्या प्राध्यापकाकडे हे काम सोपवू नका.

सगळीकडे एकदम नको. एका विद्यापीठाच्या दोन-तीन जिल्ह्यांत, जिथे समाजकार्य महाविद्यालय जवळ आहे तिथे, येत्या वर्षी सुरुवात करा. वरिष्ठांची परवानगी मिळाली तर आमच्या विभागात दर सत्राला चार मुलं घ्यायची माझी तयारी आहे. त्यांच्या नोंदी मी स्वतः वाचीन.

कळावे,
आपली,
एक समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)