‘कशाने मेलास?’ असं विचारणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

तुझं नाव इथे लिहीत नाही. ऑनलाइन खेळताना अनोळखी लॉबीत (जिथे खेळाडू सामन्यासाठी जमतात) तू माइक बंद ठेवतेस, हे तू मागेच सांगितलं होतंस. बाईचा आवाज ऐकला की समोरचा खेळायचं सोडून भलतंच टाइप करत बसतो. त्यामुळे नाव नको, गेममधली आयडीही नको. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. टेकन हा मारामारीचा व्हिडिओ गेम मनावर घेतलेली आपल्याकडची बरीच पोरं मी अडकलो होतो तिथेच अडकलीत. तू मला तिथून कसं काढलंस, ते त्यांच्याही कानावर पडू दे.

आमच्या वयाच्या लोकांचं टेकन गेम पार्लरमधलं. टेकन ३ प्लेस्टेशनवर १९९८ साली आला आणि पुढे कितीतरी वर्षं सांगली-मिरजेच्या पार्लरांत तोच चालू होता. तिथले कायदे तुलाही पाठ असतील. एडी हे पात्र घ्यायचं नाही, कारण नुसती लाथांची बटणं कुटली तरी तो जिंकतो. कोपऱ्यात दाबून मारायचं नाही. एकच मूव्ह परत परत मारली की ‘चीटिंग’. आणि किंग या पात्राने एकदा धरलं की सुटका नाही, यावर तर अख्ख्या पार्लरचं एकमत! हे सगळं शास्त्र डोक्यात घेऊन मी टेकन ८ ला ऑनलाइन उतरलो. पॉल या माझ्या पात्राचे लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग लागणाऱ्या फटक्यांच्या साखळ्या, व्हिडिओ बघून बसवले होते. ते मारायची संधी सामन्यात येतच नव्हती, कारण त्याआधीच मी आडवा झालेलो असायचो.

तुझ्या ब्रायन या पात्राने मला असाच आडवा केला आणि मी तुला मेसेज टाकला, ‘काय चुकतंय ते सांगाल का?’ माझ्या आयडीतला मराठी शब्द बघून तू मराठीतच उत्तर दिलंस, ‘कशाने मेलास?’ बास, एवढंच. मी म्हणालो, तुम्ही फार फास्ट आहात. तू म्हणालीस, ‘ते सोड. कुठल्या मूव्हने मेलास, नाव सांग. आणि अहो-जाहो नको, ताई म्हण.’ नाव मला माहीत नव्हतं. मग तू मला तोच सामना रिप्लेमध्ये उघडायला लावलास आणि दर वेळी आयुष्याची पट्टी मोठी तुटली की थांबवायला सांगितलंस. जवळपास प्रत्येक वेळी एकच गोष्ट निघाली: स्नेक एज. ब्रायनची खालून फिरणारी ती सावकाश लाथ. इतकी सावकाश की बघून बसता येतं, आणि बसून अडवली तर समोरच्याला हवेत उडवून अख्खा कॉम्बो मारता येतो. मी सगळ्या सामनाभर ती उभ्याने खात होतो.

पुढे तू जे केलंस ते फार कमी लोक करतात. रँक्ड, म्हणजे रँकसाठीचे सामने, खेळायची तुझी वेळ होती, ती सोडून तू मला प्रॅक्टिस मोड लावून दिलास. समोरच्या पुतळ्याच्या एका स्लॉटमध्ये स्नेक एज रेकॉर्ड करायची, दुसऱ्यात उभ्याने अडवायचा मधला फटका, आणि दोन्ही रँडम सोडायचे. ‘बटण दाबायचं नाही. दिसलं की फक्त बसायचं, नाही दिसलं तर उभं राहायचं.’ त्याच्याही आधी तू मला पॅड चक्क मांडीवर ठेवायला लावला होतास. काहीच न दाबता उभं राहिलं तरी टेकनमधलं पात्र वरचे आणि मधले बरेच फटके आपोआप अडवतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं माझाच अंगठा माझा बचाव मोडत होता, म्हण ना.

वरचा, मधला, खालचा हे तीन थर तू ज्या क्रमाने शिकवलेस तो क्रम मला आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. मुळात उभं राहायचं, कारण मधले फटके बसलेल्यालाच लागतात आणि मोठं नुकसान बहुधा तिथूनच होतं. खालून येणारी बारीकसारीक टोचणी खुशाल खायची. बसायचं ते फक्त मोठ्या, ओळखता येणाऱ्या लाथेला. ‘सगळं अडवायला गेलास तर काहीच अडवणार नाहीस,’ असं तू म्हणायचीस. पार्लरमध्ये हे कुणी सांगितलं नाही, कारण तिथे कुणाला माहीतच नव्हतं.

मग आली फ्रेमची भानगड. खरं सांगतो, सुरुवातीला मला हे आकडे म्हणजे इंजिनिअरिंगला नापास झालेल्यांचा सूड वाटायचे. तू ते दोन वाक्यांत उरकलंस. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं. सगळ्यात वेगवान जॅब, म्हणजे साधा झटपट गुद्दा, १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, आणि माणसाला बघून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे जॅब बघून कुणीच अडवत नाही, चॅम्पियनही नाही. तो येणार हे आधी ठाऊक असतं, म्हणून अडतो. तिशी उलटल्यावर आपले रिफ्लेक्स गेले अशी मी कुरकुर केली, तर तू किम ग्वान-वूचं उदाहरण तोंडावर फेकलंस. हांगझोच्या आशियाई खेळांत २०२३ साली स्ट्रीट फायटर ५ या अशाच मारामारीच्या गेमचं सुवर्णपदक कोरियाच्या या गड्याने घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्यानंतर मी वयाचा विषय काढला नाही.

आकड्यांपेक्षा तुझा दुसरा प्रश्न जास्त कामी आला: ‘आता पाळी कुणाची?’ फटका अडवला गेला की मारणारा काही फ्रेम मागे पडतो. १० ने पडला तर माझा जॅब त्याला लागणारच, त्याने काहीही केलं तरी. १५ च्या आसपास पडला तर बहुतेक पात्रांना त्याला उडवून कॉम्बो सुरू करता येतो. आणि मीच मागे असेन तर गप्प राहायचं, कारण तेव्हा हात उचलला की काउंटर हिट, म्हणजे आपल्या फटक्याच्या मध्येच समोरच्याचा फटका, बसते. पॉलचा डेथफिस्ट हा माझा लाडका गुद्दा अडवला गेल्यावरही मी पुढचं बटण कुटत होतो, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत खेळत होतो. तू मला अख्खा फ्रेम डेटा, म्हणजे प्रत्येक मूव्हचे हे आकडे, पाठ करायला लावला नाहीस, हे तुझे उपकार. ‘आज ज्याने हरवलं त्याची एकच मूव्ह शोध आणि तिची एकच शिक्षा शिक, बाकीच्या पुढच्या वेळी.’ टेकन ८ मध्ये रिप्ले मध्येच थांबवून पात्र आपल्या हातात घेता येतं, ही सोय जणू तुझ्यासाठीच केली आहे. मार खाल्ल्याच्या क्षणावर थांबायचं, पात्र घ्यायचं, योग्य उत्तर हाताने देऊन बघायचं.

किंगचा मात्र स्वतंत्र उल्लेख हवा. पकड सुटते हे तू सांगितलंस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. तू स्वतः किंग घेऊन लॉबीत आलीस आणि म्हणालीस, चेहरा बघू नकोस, हात बघ. डावा हात पुढे आला तर डाव्या गुद्द्याचं बटण, उजवा आला तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही एकदम. कबड्डीतला कोपऱ्याचा खेळाडू रेडरच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघतो, तसं. पहिल्या दिवशी मला फक्त एक धूसर झेप दिसायची. तू न कंटाळता धरत राहिलीस, ‘कुठला?’ ‘डावा.’ ‘उजवा होता. परत.’ आणि मग कधीतरी हात खरोखर दिसायला लागला. पहिल्यांदा सुटलो तेव्हा मी घरात ओरडलो, आई आतून धावत आली. सव्वीस वर्षांची अख्ख्या पार्लरची श्रद्धा त्या दिवशी मोडली.

कोरियन बॅकडॅश, म्हणजे झपाझप मागे सरकायची युक्ती, शिकायचा मी हट्ट धरला होता. मागे, मागे, खाली-मागे, मागे, असं अंगठा सोलेपर्यंत. तू सरळ नकार दिलास. ‘आधी एक साधं पाऊल मागे घे आणि त्याचा फटका हुकला की मार. तेवढ्याने तुझी निम्मी माणसं पडतील.’ पडली.

टेकनचा खेळाडू अर्सलान ॲश याच्या मॅचेस तू दाखवल्यास, त्याही तुझ्याच पद्धतीने. लाहोरचा हा मुलगा २०१९ साली फुकुओकाला एव्हो जपान ही मारामारीच्या गेमची स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी लास व्हेगासला मुख्य एव्होच्या फायनलमध्ये ‘नी’ या कोरियन खेळाडूला हरवून तीही. तोवर बाहेरच्या जगाला लाहोरच्या खेळाडूंचा फारसा पत्ता नव्हता. मी कॉम्बो बघायला बसलो, तर तू म्हणालीस, कॉम्बो लागला की डोळे मिट, तो सुरू होण्याआधीचं बघ. बघितलं. अर्धं पाऊल बाजूला, फटका शेजारून जातो, आणि मग तो साधंच काहीतरी मारतो. त्यात मला सगळ्यात भावलं ते हे, की तो कारण नसताना बटण दाबतच नाही. लाहोरच्या पोरांनी हे एकमेकांशेजारी बसून, रोज एकमेकांचा मार खाऊन शिकलंय. आमच्या पार्लरमध्येही माणसं होती, पॅड होते, वेळ तर भरपूर होता. ‘चीटिंग’ म्हणायच्या ऐवजी ‘हे अडवायचं कसं’ एवढं कुणी विचारलं असतं तर... असो.

बारीकसारीक उपकार पण बरेच आहेत. वायफाय सोडून केबल लावायला तू लावलंस. रोलबॅक म्हणजे गेम नेटपलीकडच्या खेळाडूचं पुढचं बटण अंदाजाने धरून चालतो आणि अंदाज चुकला की मागे येऊन दुरुस्त करतो, हेही तूच समजावलंस. एव्होच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टोनी कॅननने जीजीपीओ नावाने ती पद्धत या खेळांत रुजवली, हे सांगताना तुझा आवाज असा होता जणू तो तुझा मावसभाऊ. फीचं विचारलं तर तू हसण्यावारी नेलंस. तासगावचे बेदाणे पाठवले, तर म्हणालीस हात चिकट होतात, मॅच संपल्यावर खाईन.

एका बाबतीत तुझं अजूनही पटत नाही. रँककडे बघूच नकोस, असं तू म्हणतेस. अगं, रँक चढली की समोर चांगला खेळाडू येतो आणि चांगल्याकडून मार खाल्ला तर शिकायला मिळतं, मग का बघू नये? फुजिन या रँकला पोचलो त्या रात्री मी तुला फोटो पाठवला होता. तुझं उत्तर अजून जपून ठेवलंय: ‘छान. शेवटच्या मॅचचा दुसरा राउंड कशाने गेला?’

ड्रॅगुनॉव्ह या पात्राने गेला होता, ताई. धावत येऊन मारतो, मी अडवतो, तरी पाळी त्याचीच राहते, आणि मी तिथे काय करायचं हे अजून सापडत नाही. बाजूला सरकलो तर पुढचं काहीतरी लागतं, बसलो तर मधला बसतो. येत्या शनिवारी लॉबी उघडलीस तर ब्रायन ठेव आणि त्याला घेऊन ये. केबल लावलेली आहे, रिप्ले काढून ठेवलेत.

तुझा,
सांगलीचा पॉलवाला