घरी सोडताना शिकवून सोडा

संपादक महोदय,

पक्षाघातानंतर गिळता येत नसल्याने माझ्या सासूबाईंना मार्चमध्ये ठाण्यातील एका खासगी रुग्णालयातून नाकातून पोटात जाणाऱ्या नळीसह, म्हणजे राइल्स ट्यूबसह, घरी सोडण्यात आले. मी बिलाच्या रांगेत असताना परिचारिकेने माझ्या पत्नीला नळीतून दूध कसे द्यायचे ते एकदाच, घाईघाईने दाखवले.

तिसऱ्या रात्री नळी तुंबली. जाडसर कुटलेली गोळी आम्ही पाण्यात कालवून सोडली होती आणि औषधाच्या आधी व नंतर नळीत साधे पाणी सोडायचे असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. सुदैवाने नात्यातील एका निवृत्त परिचारिकेने फोनवर सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबू दिला नाही. दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी सारे नीट समजावले: नाकपुडीपाशी नळीवर खूण करून ती जागची हललेली नाही हे दर वेळी पाहायचे, कारण नळी सरकली तर दूध फुप्फुसात जाऊ शकते, डोक्याकडची बाजू निदान 30 अंश उंच ठेवायची, 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून पेज आपल्या भाराने उतरू द्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास रुग्णाला आडवे करायचे नाही. काही गोळ्या कुटायच्याच नसतात, हेही तेव्हाच कळले. यात अवघड काही नाही. तरी त्यांच्या देखत चार वेळा केल्यावरच पत्नीच्या हाताचा कंप थांबला.

घरी पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पोटात द्रव सोडून रक्तशुद्धी, करायचे असेल तर रुग्णाला किंवा घरच्यांना आधी रीतसर प्रशिक्षण दिले जाते. मग अन्न देण्याची नळी, लघवीची नळी, ट्रेकिओस्टॉमीचे (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राचे) सक्शन, म्हणजे तिथला कफ ओढून काढणे, यांसाठी तोच नियम का नसावा? सांभाळणाऱ्याने परिचारिकेसमोर स्वतः तीनदा करून दाखवल्याखेरीज रुग्णाला घरी सोडू नये. केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचे (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या देखभालीचे) धोरण आखले आणि तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. ठाणे महापालिकेला निदान कळव्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार घरच्यांना शिकवण्यासाठी राखून ठेवता येईल. शिवाय प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर रात्रीही उचलला जाईल असा एक फोन क्रमांक असावा. आमच्या कार्डावर होता तो बिलिंग विभागाचा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे