‘रिक्षा’तला माणूस

‘रिक्षा’ हा शब्द शिक्षा, भिक्षा यांच्या पंगतीत असा काही बसला आहे की तो संस्कृतच वाटावा. प्रत्यक्षात तो जपानी ‘जिनरिकिशा’चा उरलेला तुकडा आहे. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. 1870च्या सुमारास तोक्योत ही माणसाने ओढायची दुचाकी गाडी रस्त्यावर आली. पुढे ती सिमला, कोलकात्यापर्यंत पोहोचली आणि त्या प्रवासात नावातला ‘जिन’ गळाला. नंतर सायकल रिक्षा आली, ऑटो आली, आता ई-रिक्षा. माणसाच्या बळाचा संबंध संपला तरी नाव तेच राहिले.

माथेरानमध्ये मात्र मूळ अर्थ आजवर जिवंत राहिला. दस्तुरी नाक्यावरून लाल मातीच्या चढावर एकजण दांडी ओढतो, मागून दुसरा रेटतो आणि आत पर्यटक सामानासह बसलेला असतो. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, हे फार उशिरा का होईना, योग्यच झाले. ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. माझा आग्रह या दुसऱ्या भागाबद्दल आहे. ई-रिक्षांचे परवाने आधी याच हातांना मिळाले पाहिजेत. ज्यांनी आयुष्यभर गाडी ओढली, त्यांना डावलून भलत्यानेच ती चालवली तर तो उघड अन्याय ठरेल.

– एक वाचक, नेरळ