डोक्यासकट

मॅडम,

काल मुलीचं वजन केलं. वाढीच्या तक्त्यावर तिचा ठिपका पहिल्यांदाच हिरव्या पट्ट्यात पडला. घरी येऊन तो कागद मी तीनदा उघडून पाहिला, आणि आता रात्री सगळे झोपल्यावर तुम्हाला लिहायला बसले आहे. समोर आले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तीन दवाखाने पालथे घातले होते. "काय घालता हिला खायला?" हा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारला गेला. उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबलं नाही. एका डॉक्टरांनी तर मी बोलत असतानाच चिठ्ठीवर पावडरच्या डब्याचं नाव लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दुसऱ्या ठिकाणी, सासूबाईंच्या देखत, "शिकलेल्या दिसता, तरी पोरीची ही अवस्था?" असं ऐकून घ्यावं लागलं. वर्ष होत आलं, पण ते वाक्य अजून सलतं. पोर दीड वर्षाची, छातीची हाडं मोजता यावीत अशी, आणि तिची आई म्हणजे जणू आरोपी.

तुम्ही खुर्ची माझ्याजवळ ओढलीत. फाईल बाजूला ठेवून साधी वही उघडलीत आणि विचारलंत, "तुमच्या आईनं हिला काय भरवलं असतं?"

असं काही कोणी विचारेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी चाचरत सांगितलं की आई मीठ न लावता वाळवलेले बारीक मासे तव्यावर कोरडे भाजायची, कुरकुरीत झाले की खलबत्त्यात अगदी पीठ होईपर्यंत डोक्यासकट कुटायची, आणि आम्हा भावंडांच्या भातात चिमूट चिमूट कालवायची. सांगताना मला लाज वाटत होती. महागड्या डब्यांच्या पुढे ही गोष्ट फार गरीब वाटत होती. तुम्ही मात्र मान वर करून विचारलंत, "डोक्यासकट?" मी हो म्हटलं. तुम्ही तो शब्द वहीत लिहिलात आणि त्याच्याखाली रेघ मारलीत.

ती रेघ मी विसरणार नाही. माझ्या आईचा एक शब्द कुणीतरी शिकलेल्या माणसानं टिपून ठेवण्याजोगा मानला होता. नंतर तुम्ही उपचार म्हणून जे जे केलंत ते सगळं इथे लिहीत बसत नाही. नुसत्या त्या माशांच्या पुडीनं मुलगी बरी झाली असंही मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी गेले, आणि तिला भरवताना माझा हात थरथरायचा तो थांबला.

निघताना तुम्ही एक नाव सांगितलंत: शकुंतला हरकसिंग थिलस्टेड. तेव्हापासून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, भारतातून तिकडे गेलेल्या कुटुंबातल्या या पोषणतज्ज्ञ बाईंना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्यांना शांततेचं नोबेल मिळालं होतं त्या शेतीशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला हा पुरस्कार, आणि १९८७ मध्ये त्याचे पहिले मानकरी आपले शेतीशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात तो दिला जातो. गहू-तांदळाचं पीक वाढवणाऱ्यांचा जिथे सन्मान झाला, तिथेच बोटभर माशाचाही झाला, हे वाचून मला भरून आलं.

कारण थिलस्टेडबाईंनी तेच केलं जे तुम्ही केलंत. १९८०च्या दशकात त्या बांगलादेशात कुपोषित मुलांसाठी काम करत होत्या. खेड्यातल्या बायका त्यांना सांगायच्या की बारीक मासे खाल्ले की अंगात ताकद येते, डोळे चांगले राहतात. कुणीही हे अडाणी बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी ते प्रयोगशाळेत तपासलं. मोला नावाच्या इवल्याशा माशात अ जीवनसत्त्व भरपूर निघालं, आणि त्यातलं बरंचसं डोळ्यांत, म्हणजे डोक्यातच, आणि पोटातल्या भागात. तो काट्यांसकट खाल्ला जातो, म्हणून कॅल्शियमही मिळतं. मोठ्या माशाची नुसती तुकडी खाल्ली तर हे हाती लागत नाही.

आणि हाच मासा लोक मारून टाकत होते! तळ्यात रोहू-कटला सोडण्याआधी विष घालून बारीक मासे संपवायचे, शेतातलं तण काढावं तसे. मोठ्यांचं खाणं ते खातात, असा समज. थिलस्टेडबाईंनी दाखवून दिलं की दोन्ही एकाच तळ्यात सुखानं वाढतात, मोठे मासे बाजारात जातात आणि मोला घरच्या ताटात येतो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पोहत असलेली गोष्ट होती ती. पण विचारायचं कोणाला, हे ठाऊक असावं लागतं.

मॅडम, हुशार माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणारी फार थोडी. तुमच्या टेबलासमोर बसलेल्या बाईला आपण कमी आहोत असं एकदाही वाटत नाही, हे मी बाकावर बसून इतरांच्या बाबतीतही पाहिलं आहे. हा चांगुलपणा कुठल्या पगारात बसत नाही. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा, तो त्यांच्याकडूनच आला असणार.

आज आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तक्त्यावरचा ठिपका, तुमची वही, पुरस्कार, बांगलादेशातली तळी. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "तिकडच्या बायका डोकी काढतात का गं?" मी म्हटलं, साफ करताना काही जणी काढून टाकतात.

"अगं बाई," आई हळहळली, "मग राहिलं काय त्यात?"