बोट तुटल्यावरचा पहिला केसपेपर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या प्रेस मशिनमध्ये दोन बोटे गेली तरी चार महिन्यांत पुन्हा मशिनवर उभ्या राहणाऱ्या कामगारांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पण भोसरी, चाकण, सातपूर, वाळूजच्या लहान प्रेस शॉपमध्ये ज्याचा हात सापडतो, त्याच्या घरात पुढे महिन्याला काय येणार, हे बरेचसे एका कागदावर ठरते. तो कागद म्हणजे दवाखान्यातला पहिला केसपेपर.

जखमी माणूस शुद्धीत असला तरी बोलण्याच्या स्थितीत नसतो. अपघात कसा झाला ते सोबत आलेला सुपरवायझर सांगतो. पुष्कळदा कागदावर येते, 'घरी दारात बोट सापडले'. मालक उपचाराचा खर्च करतो, दोन-चार आठवडे बरे जातात, आणि मग विषय थांबतो. पुढे अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर तोच कागद आडवा येतो. म्हणून सोबत जाणाऱ्या सहकाऱ्याने एवढे तरी करावेच: तारीख, वेळ, कारखान्याचे नाव, कोणत्या मशिनवर काय करताना झाले ते डॉक्टरांना सांगावे, लिहिलेले वाचून घ्यावे, मोबाइलवर फोटो काढावा. कारखान्याच्या अपघात वहीतही नोंद झाली पाहिजे आणि मालकाने २४ तासांत ईएसआयकडे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे) अपघाताचा अहवाल (फॉर्म १२) पाठवला पाहिजे.

तुटलेले बोट थेट बर्फात टाकू नये, बर्फाने त्यातल्या पेशी मरतात. ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि ती बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. प्रेसखाली चिरडलेले बोट बहुधा जोडता येत नाही, पण ते ठरवणे सर्जनचे काम आहे.

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू आहे. पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या अपघाताला किती महिने वर्गणी भरली ही अट नाही. पहिल्या दिवशी हात सापडला तरी हक्क आहे. नाव नोंदवलेलेच नसेल तरी हक्क बुडत नाही, कारण नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे आणि त्याने कसूर केली तर महामंडळ त्याच्याकडून रक्कम वसूल करू शकते. मात्र तिथे काम करत होतो हे दाखवावे लागते. गेटपास, हजेरी कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, ठेकेदाराचे शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज, यातले काहीही पुसून टाकू नये. आणि 'एवढे घे आणि सही कर' म्हणून पुढे आलेल्या स्टॅम्प पेपरवर सही करू नये. झालीच असेल तरी घाबरू नये, हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे.

काम बंद असेपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. ते ईएसआय दवाखान्याच्या सर्टिफिकेटवर मिळतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. आधीच्या सर्टिफिकेटची मुदत संपण्यापूर्वी दवाखान्यात जायचे, मध्ये एका दिवसाचाही खंड पडू द्यायचा नाही. त्याच काळात दुसरीकडे हजेरीवर गेले तर तो लाभ बंद होतो. घरभाडे आणि शाळेची फी समोर असताना हे पाळणे किती अवघड आहे, ते त्या घरालाच ठाऊक.

जखम भरली की फिट सर्टिफिकेट मिळते, आणि पुष्कळजण इथेच थांबतात. खरा आयुष्यभराचा लाभ यापुढे आहे. मेडिकल बोर्डासाठी अर्ज करायचा. कमावण्याची क्षमता किती गेली, त्याचे टक्के तिथे ठरतात. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची तीन बोटे गेली तर ३०, चारही गेली तर ५०. तर्जनीचे एकच पेर गेले तरी ९ टक्के आहेत. रोज सरासरी ६०० रुपये पडत असतील तर ९० टक्के म्हणजे ५४० रुपये, त्याचे १४ टक्के म्हणजे दिवसाला ७५ रुपये ६० पैसे, महिन्याला साधारण २,२७०. रक्कम मोठी नाही, पण मरेपर्यंत येते, आणि कामावर परतला तरी बंद होत नाही. याउलट दिव्यांग म्हणून सवलतींना ४० टक्के लागतात. दोन बोटे गेलेला माणूस तिथवर सहसा पोहोचत नाही, म्हणून त्याला हाच एक आधार.

बोट जाते कसे, तेही सांगायला हवे. चावीच्या क्लचची जुनी प्रेस एकदा पेडल दाबले की मध्ये थांबत नाही, फेरा पूर्ण करते. अशा मशिनला हात आला की मशिन थांबवणारा सेन्सरचा पडदा बसवून उपयोग नाही; डायपुढे (साच्यापुढे) जाळीच हवी, जिच्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. क्लचची चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की रॅम (मशिनचा वरून खाली येणारा भाग) दुसऱ्यांदा आपोआप खाली येतो, त्यालाच 'डबल' म्हणतात. ब्रेक लायनरला तेल लागले तर रॅम वर थांबत नाही. ऑपरेटर आठवडाभर 'डबल मारतंय' म्हणून सांगत असतो आणि ऑर्डर निघेपर्यंत मशिन चालूच राहते. डायला चिकटलेला जॉब हाताने काढायचा नाही. चिमटा किंवा मॅग्नेट वापरायचा. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (जड चाक) फिरत असते, म्हणून डाय बदलताना ते पूर्ण थांबू द्यावे आणि रॅमखाली त्याला अडवून धरणारा सेफ्टी ब्लॉक लावावा. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावरच चालणाऱ्या मशिनवर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले दिसले, तर ते टार्गेटसाठी ठेवलेले असते, आणि ते टार्गेट ऑपरेटरने ठरवलेले नसते.

टाके निघाल्यावर उरलेला खुंट फार हुळहुळा राहतो, थंडीत ठणकतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी कापसाने, मग टॉवेलने तो हळूहळू चोळायचा, नंतर परातीतल्या कोरड्या तांदळात हात घालून बोटे फिरवायची, दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटे. हे टाळले तर शेजारची धड बोटेही आखडतात आणि शर्टाचे बटण लावणे जमत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. टक्क्यांची ही यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत, कापून ठेवता येईल अशा चौकटीत छापावी. प्रेस शॉपच्या भिंतीवर रोजच्या प्रॉडक्शनचा फलक असतो, त्याच्या शेजारी ती चिकटवता येईल.

आपला,
कामगारांच्या भरपाईच्या कामात मदत करणारा एक वाचक, पुणे