‘सम कुठंय बे?’ : अण्णांना जाहीर पत्र

अण्णा,

सा. न. वि. वि.

मायना वडिलांनी सांगितला म्हणून घातलाय, हसू नका. तुम्हाला मेसेज टाकून उपयोग नसतो. माझे मागचे अकरा मेसेज अजून तसेच पडलेत. फोन केला की पाठीमागे कुणाची तरी हळद वाजत असते आणि तुम्ही ‘नंतर बोल की बे’ म्हणून ठेवून देता. मग चारचौघांत लिहिण्यावाचून मार्ग उरला नाही. शिवाय बार्शीत, पंढरपुरात, आपल्याच जुळे सोलापुरात माझ्यासारखी पोरं हेडफोन लावून जंगल आणि ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि जड बेसचं नाचायचं संगीत) करत एकेकटी बसली असतील. त्यांना अण्णा मिळाला नसेल तर निदान हे तरी मिळावं.

अक्कलकोट रोडच्या तुमच्या साउंड सिस्टीमच्या गोडाउनला मी पहिल्यांदा आलो तेव्हा टेम्पोत बेसच्या स्पीकरचे खोके चढत होते. तुम्ही मला कामावर आलेला नवा पोरगा समजलात आणि काही विचारायच्या आत एक बाजू धरायला लावलीत. खोका वर गेल्यावर म्हणालात, “कुणाचा तू?” मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

तेव्हाची माझी अवस्था सांगतो. ट्रॅक करायला मला चार महिने लागले होते. पुण्या-मुंबईच्या चार डीजेंना पाठवला. चौघांनीही आगीचं चित्र पाठवलं, एकानं तर तीन आगी पाठवल्या. वाजवला कुणीच नाही. मला वाटायचं, सोलापूरचं पोरगं म्हणून बाजूला ठेवतात. हा समज फार सोयीचा होता, कारण त्यात माझी चूक काहीच नव्हती.

तुम्ही पेन ड्राइव्ह प्लेअरला लावलात. स्क्रीनवर गाण्याचा टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके, आला ८७. माझा चेहरा पडला, कारण ट्रॅक १७४ चा. “ह्यात तुझी चूक न्हाई, मशीन अर्ध्यात मोजतंय,” म्हणत तुम्ही आकडा दुप्पट केलात. मग हेडफोन एका कानाला लावून सुरुवात ऐकलीत. परत मागं घेतलीत. परत ऐकलीत. स्पीकरवर आवाज आलाच नाही. वीसेक सेकंदांनी हेडफोन गळ्यात टाकून विचारलंत, “सम कुठंय बे?”

मी गप्प.

“कुठनं उचलू ह्याला?”

त्या सुरुवातीत काय नव्हतं! होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत रेकॉर्ड केलेली गर्दी, पाळण्याची करकर, वडिलांच्या कारखान्यातल्या मागाचा खडखडाट, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू आणि या सगळ्याखाली एक लांबलचक पॅड, म्हणजे सिंथचा सतत धरून ठेवलेला सूर. सगळं सोलापूर पहिल्या अकरा सेकंदांत कोंबलं होतं. “मागाचा आवाज ऐकायचे तुझे वडील पगार घेतात, मी फुकट का ऐकू?” असं तुम्ही म्हणालात तेव्हा राग आला होता. आता घरी हे वाक्य मीच सांगतो आणि वडील सगळ्यांत जास्त हसतात.

पण खरी गोम पुढं होती. त्या गर्दीनंतर मी आमेन ब्रेक आणला होता, तोही त्याच्या चौथ्या बारपासून. हे वाचणाऱ्या नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन बँडच्या एका रेकॉर्डच्या बी-साइडवर ग्रेगरी कोलमन या ड्रमरनं चार बारांचा तुकडा एकट्यानं वाजवला. जेमतेम सात सेकंद. तोच आमेन ब्रेक. नव्वदच्या दशकात इंग्लंडच्या पोरांनी तो तुकडा पळवला, कापला, उलटापालटा केला आणि अख्खं जंगल त्यावर उभं राहिलं. त्यातले पहिले दोन बार सरळ आहेत. तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा एक ठोका उशिरा पडतो. चौथ्यात पहिली मात्रा चक्क रिकामी, मग वेडीवाकडी फिरकी आणि क्रॅशची झांज अपेक्षेआधीच. ऐकायला चौथा बार सगळ्यांत झणझणीत, म्हणून मी तो पुढं आणला. म्हणजे डीजेनं जिथं बोट ठेवायचं, नेमकी तीच पहिली मात्रा, म्हणजे सम, माझ्या ट्रॅकमध्ये गायब होती.

तुम्ही टेबलावर बोटं वाजवून दाखवलंत. एक, दोन, तीन, चार. मग तेच पहिली मात्रा गाळून. भजनात तबलजीनं असं केलं तर टाळकरी कुठं जातील, असं विचारलंत. त्या एका प्रश्नात मला चार महिन्यांचं उत्तर मिळालं. मी चौघांना गाणं पाठवलं होतं, पण त्यांना आत शिरायला दार ठेवलंच नव्हतं.

(कोलमनचं जाता जाता सांगतो, पत्र आभाराचंच आहे म्हणून. जगभर हजारो गाण्यांत तो तुकडा वाजला, पण त्याबद्दल त्याला कधी रॉयल्टी मिळाली नाही. तो २००६ मध्ये गेला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून बँडच्या म्होरक्याला २४ हजार पौंड दिले. आपल्याकडं गणपतीला गल्लीत काढतात तशीच ही वर्गणी, फक्त सेहेचाळीस वर्षं उशिरा.)

त्या दिवशी तुम्ही ड्रॉपपर्यंतचे, म्हणजे बेस पूर्ण जोरात उतरतो त्या जागेपर्यंतचे, बार मोजलेत. सत्तावीस भरले. मी मनाला वाटलं तिथं तोडलं होतं. “सत्तावीस कोण मोजतं बे?” तुमचं म्हणणं असं की नाचणाऱ्याचं अंगच सोळा-सोळानं मोजतं, त्याला आकडे येत नसले तरी. डीजेही तसाच मोजतो. त्याला एका गाण्याच्या ड्रॉपवर दुसऱ्याचा ड्रॉप बरोब्बर बसवायचा असतो, म्हणून दोन्ही गाण्यांच्या सुरुवाती १६, ३२ किंवा ६४ बारांच्या लागतात. सत्तावीसवाला आला की अंधारात, घामेजल्या हातानं, त्यानं गणित करायचं का? तो सरळ पुढचं गाणं घेतो आणि तुम्हाला आगीचं चित्र पाठवतो.

घरी याची वेगळीच गंमत झाली. मी फोनवर मित्राला म्हणत होतो, “सोळा बार झाले की खरी मजा.” आईनं चहाचा कप तिथंच ठेवला आणि वडिलांना हाक मारली.

दुसऱ्या खेपेला तुम्ही बेसचं दाखवलंत, ते मी जन्मात विसरणार नाही. मी सुरुवातीपासूनच सब-बेस, म्हणजे सगळ्यांत खालचा बेस, सोडला होता, कारण मला तो आवडायचा. तुम्ही वाद घातला नाहीत. खोक्यावर स्टीलचा पेला ठेवलात, अर्धा पाण्यानं भरलेला. आधी ५० हर्ट्झचा एकच सूर लावलात. पाण्यावर बारीक, एकसारखी जाळी उमटली. मग दुसऱ्या प्लेअरवरून ५२ चा सूर त्यात सोडलात. जाळी फुटली. पाणी थरथरायचं, निवायचं, थरथरायचं, निवायचं; सेकंदाला दोनदा. माझा हात तुम्ही खोक्यावर ठेवलात तर धक्का येत होता आणि मधेच नाहीसा होत होता. दोन सूर कधी एकमेकांना उचलून धरतात, कधी खाऊन टाकतात, हे अकरावीला पुस्तकात वाचलं होतं. तळहाताला त्या दिवशी कळलं.

“एका घोड्यावर दोन नवरदेव बसवतोस का?” तुम्ही विचारलंत. आधीच्या गाण्याचा बेस अजून घोड्यावर आहे. त्याला उतरू दे. डीजे मिक्सरवरचा लो नॉब फिरवून एकाला उतरवेल, दुसऱ्याला चढवेल. तोवर तुझ्या नवरदेवानं मांडवात थांबायचं. तेव्हापासून माझ्या सुरुवातीत साधारण १२० हर्ट्झच्या खाली काही नसतं.

पॅडचंही तेच झालं. माझा एफ मायनरमधला पॅड तुम्ही एफ शार्पमधल्या एका जुन्या ट्रॅकवर चढवलात आणि मला नुसतं उभं केलंत. पेटीवर पांढरी चार आणि काळी तीन एकदम दाबून धरल्यासारखं वाटलं. तुमच्या कुत्र्यानंही तोंड फिरवलं. पॅड गेला तो थेट ड्रॉपनंतरच्या मोकळ्या जागेत. गड्ड्याची गर्दी आणि पाळणाही तिथंच गेले आणि खरं सांगायचं तर तिथं ते जास्त शोभतात.

मग गृहपाठ दिलात. नुसते ड्रम, म्हणजे किक, स्नेअर आणि हॅट घेऊन ३२ बार करून आण. मी आणले. तुम्ही ऐकून म्हणालात, “कंटाळवाणं चालेल, मेलेलं नको.” हा फरक समजायला मला तीन आठवडे लागले. दर आठ बारांनी काहीतरी एकच आत यावं: आधी हॅट, मग ब्रेकचा फक्त वरचा कुरकुरीत भाग, मग राइडची झांज, मग फिल्टर हळूहळू उघडत अख्खा ब्रेक. ब्रेकच्या प्रत्येक बारचा पहिला ठोका ग्रीडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर) घट्ट आणि आतला कोलमन मोकळा. आतलंही सगळं ग्रीडवर ओढलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “शाळेची कवायत करलालास का बे?” शेवटच्या बारात ड्रमची छोटी फिरकी, म्हणजे फिल, शेवटच्या दोन मात्रा शांत आणि मग ड्रॉप. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये आणि पहिला ठोका अगदी शून्यावर, कारण एमपी३ पुढं किंचित रिकामी जागा चिकटवतं.

मी एकदा अडून बसलो होतो. मोबाइलवर ऐकणारा माणूस ३२ बार थांबत नाही, १७४ च्या टेम्पोला ते ४४ सेकंद होतात, तेवढ्यात तो तीन गाणी सरकवतो. तुम्ही मान्य केलंत! मला वाटलं जिंकलो. मग म्हणालात, “दोन कर. त्याला आखूड दे, मला लांब दे. शेंगाचटणी पण आपण घरच्यांना वेगळी आणि पाहुण्यांना वेगळी करतो की.” आता प्रत्येक ट्रॅकचे दोन अवतार करतो. आई मात्र म्हणते, चटणी सगळ्यांना एकच असते, तुमच्याकडं कोण करतं विचार.

वडिलांना हे सगळं एकदा जेवताना सांगत होतो. ४४ सेकंद नुसते ठोके, त्यावर आधीचं गाणं संपणार आणि आपलं सुरू होणार. त्यांनी कडक भाकरी मोडत विचारलं, “म्हणजे बीम जोडतात तसं?” मागावरचा बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, संपत आला की ताण्याचे सगळे धागे विणून संपवत नाहीत. थोडे शिल्लक ठेवतात आणि नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला गाठ मारून जोडतात, मग ते ओढून पुढं घेतात. “सगळं विणून टाकलं तर गाठ कशाला मारणार?” एवढं म्हणून त्यांनी आमटी मागितली. अण्णा, तुम्ही दोघं अजून भेटला नाहीत. भेटू नका. मला बोलायला जागा उरणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

मागच्या महिन्यात एका वरातीहून सिस्टीम परत आली होती. दहाला अजून अर्धा तास होता. पोरं खोके उतरवत होती, मी कोपऱ्यात वायरी गुंडाळत होतो आणि तुम्ही दोनच स्पीकर लावून जुनं जंगल वाजवत बसला होता, स्वतःसाठी. मी वायरीचा गुंता सोडवण्यात गढलो होतो. मधेच घुंगरू वाजले. मला वाटलं बाहेर रसवंतीचा गाडा चाललाय. रात्री साडेनऊला, पावसाळ्यात! मग लक्षात आलं. तो माझा सतरावा बार होता. डीजेला खूण म्हणून ते घुंगरू मी तिथं एकदाच ठेवले होते, की आता ड्रॉपला सोळा बार उरले. म्हणजे बावीस सेकंद माझं गाणं त्या गोडाउनमध्ये वाजत होतं आणि ते कधी आत आलं हे मलाच कळलं नव्हतं.

मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही पाहिलं नाहीत. लो नॉबवर बोट होतं. पुढच्या सोळा बारांत जुनं गाणं पातळ होत गेलं, शेवटच्या दोन मात्रा शांत झाल्या, टेम्पोवरचा पोरगा दोर हातात धरून थांबला आणि बेस उतरला. त्या चार आगींचं दुःख तिथं संपलं, अण्णा. माझ्या हातात वायर होती म्हणून बरं, नाहीतर हातांचं काय करावं कळलं नसतं.

तुम्ही मला शिकवायचे पैसे घेतले नाहीत. खोके उचलून घेतलेत, ते वेगळं. चहाही बहुतेक वेळा तुम्हीच पाजलात. त्या रात्री मला आभार मानायचे होते, शब्द जुळवत जवळ आलो, तेवढ्यात तुम्ही हेडफोन काढून म्हणालात, “आत आलो बे बरोबर. आता बाहेर कुठनं पडू?”

शेवट मी आठ बारांत उरकला होता.

शेवटचे ३२ बार करतोय. बेस आधी काढलाय, पॅडही. रविवारी संध्याकाळी घेऊन येतो. कुणाची हळद नसेल तर थांबा.

तुमचा,
वायरी गुंडाळणारा