मामा, त्या अंगठीबद्दल

प्रिय मामा,

सादर नमस्कार.

तुम्ही मराठी झकास बोलता, पण वाचत नाही. म्हणून तुमच्या नातीनं हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं. कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. कुंद्याचा डबा दिला तर निम्मा आमच्याच पोरांच्या हातावर ठेवून गेलात. लिहिण्याखेरीज माझ्याजवळ काही उरलं नाही. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

मी परसात बांधतोय त्या विमानाचा उजवा पंख परवा पुरा झाला. पत्रे जोडणारं शेवटचं रिवेट, तुम्ही म्हणता तसं रिपीट, बसलं तेव्हा तुम्ही नव्हता. मला चैन पडली नाही.

तुम्ही येण्याआधीचं तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. एका वर्कशॉपात पंखाच्या फासळ्या वाकवायला दिल्या होत्या. पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा, वाकवायची गोलाई किती ते कागदावर लिहून दिलेलं. त्यांनी लोखंडी सुईनं रेघ ओढली आणि बरोबर त्या रेघेवर धारदार काटकोन मारला. घरी आणून भिंगाखाली धरल्या, तर वाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या भेगा. विमानाचं कडक ॲल्युमिनियम पुरेशी गोलाई न देता वाकवलं की फाटतंच. अकरा फासळ्या भंगारात गेल्या. विचारायला गेलो तर मालक म्हणाला, "पत्राच तर आहे, उडणार थोडाच आहे!" शेजारपाजारचेही तेच. मुंबईत कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ साली लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, तरी आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या एका परसात कोणी पंख जोडतोय म्हटलं की माणसं हसतात. हे घडतंय कुठे, तर उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीचं मशीनकाम आणि ओतकाम नावाजलेल्या बेळगावात! जवळच्या हत्तरगीला तर परदेशी विमानांचे भाग बनतात. हातात कसब असून पत्र्याची कदर नसावी, याचा मला फार राग आला होता. अजून आहे.

आणि मग तुम्ही आलात. बस बांधण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे, एवढंच मला कळलं होतं. तुम्ही दारातच थांबलात. बाकावर ठेवलेल्या पत्र्याकडे पाहिलंत, हात पुढे केलात आणि मागे घेतलात. मनगटावरचं घड्याळ काढलंत. मग परसातल्या नळावर गेलात, साबण मागितलात आणि बोटातली अंगठी फिरवत फिरवत काढायला लागलात. ती निघत नव्हती. लग्नातली, बोट सुजल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, राहू द्या मामा. तुम्ही म्हणालात, "बेड, बेड. ओरखडा पडंल की." बेड म्हणजे कन्नडात नको. निघाली तेव्हा खाली पांढरा वळ होता. रुमालाच्या गाठीत बांधून खिशात टाकलीत आणि मग पत्र्याला हात लावलात.

मामा, मी तेव्हा काही बोललो नाही, कारण बोलता आलं नसतं. या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तोच त्याला खराब होण्यापासून वाचवतो. ओरखड्यानं तो कापला जातो. पंख हवेत सारखा लवत असतो आणि तडा जायला असला एक ओरखडा पुरतो. हे मी पुस्तकांतून शिकलो होतो. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन महिने रिवेट ठोकायची गन माझ्या हातात, आणि मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, तुमच्या. तुम्ही खांद्यापर्यंत पंखाच्या पोटात हात घालायचात, दिसत काही नसायचं. रिवेटचं मागचं डोकं दांड्याच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि त्या जाडीच्या निम्मं उंच झालं पाहिजे. जास्त ठोकलं तर पत्रा चेपतो, कमी ठोकलं तर सैल राहतं. तुम्ही बोटांनीच ओळखून "साकु!" म्हणायचात आणि मी घोडा सोडायचो. आता आमच्या घरात पोळी वाढतानाही सगळे "पुरे"च्या ऐवजी "साकु" म्हणतात.

चोर्ला घाटानं ये-जा करणाऱ्या बसच्या पत्र्यावर रिपीट सैल झालं की भोवती काळा ओघळ येतो, हे तुम्ही सहज बोलता बोलता सांगितलंत. विमानातही अगदी तसंच होतं. उड्डाणाआधी पंखावरून नजर फिरवताना तोच काळा डाग शोधायचा असतो. ते वाक्य मी माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी स्वतःचे हात बघणारी माणसं असतात, मामा. गाजावाजा करत नाहीत म्हणून ती दिसत नाहीत एवढंच. मला एक दिसला, आणि तो आमच्या गल्लीपासून चार गल्ल्यांवर राहत होता.

डावा पंख दिवाळीनंतर सुरू करतोय. फासळ्या या वेळी मी स्वतः लाकडी साच्यावर ठोकून काढल्या आहेत, तुम्ही एकदा बघून जा. जिन्याचा त्रास नको, मागच्या दारानंच या. साबणाची वडी नळावर ठेवलेली आहे.

तुमचा,
पंखवाला